विहिरीवरचं नववं घर

"काकू, तुमची पाळी बदलली काय?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फोनवर एका परक्या पुरुषानं हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचं वय बासष्ट होतं. काकू भल्या बाई. त्यांना वाटलं, दवाखान्यातून काही तरी सर्व्हे चाललाय. त्या आपल्या खरं तेच बोलल्या, "अहो, ती बंद होऊन बारा वर्षं झाली." पलीकडून उत्तर आलं, "बंद कशी? परवाच तर लाइन जोडून दिली. उंदरानं तार खाल्ली असेल. उद्या शिडी घेऊन येतो."

हे आमचे इंटरनेटवाले. विरारचा आमचा सगळा मनवेलपाडा त्यांना पाळीवाले काका म्हणायचा, आणि म्हणताना बायका पदर तोंडाला लावायच्या.

त्यांची चूक नव्हती. विरारच्या पश्चिमेला समुद्राकडे जी जुनी गावं आहेत, तिथले ते. ख्रिस्ती, वाडीवाले. केळी, पानवेली, मोगरा. सामाईक विहिरीचं पाणी ज्या वेळी ज्याच्या केळींना जायचं, ती त्याची पाळी. लहानपणापासून हाच शब्द कानावर, त्यात वावगं काय? आम्ही कोकणातून, देशावरून, परळ-गिरगावातून फ्लॅट घेऊन आलेली पगारदार माणसं. आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ, आणि तोही हळू आवाजात. शेवटी हेडक्लार्क काकांनी, म्हणजे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या यजमानांनी, त्यांना बाजूला घेऊन समजावलं. पाळीवाल्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुम्ही पानी वाटून घेता तेव्हा काय म्हनता?"

आम्ही पाणी वाटून कधी घेतलंच नव्हतं. आमच्याकडे ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

तेव्हा डायलअपचे दिवस नुकते संपत आले होते. कुणी तरी केबलवाला कुठून तरी एक लाइन घ्यायचा, गच्च्यांवरून निळ्या तारा ओढायचा आणि ती एक लाइन चाळीस घरांना वाटायचा. वाटलीय हे कुणाला सांगायचा नाही. ज्याला त्याला 'फुल स्पीड'. संध्याकाळी माणसं कामावरून आली की एक पान उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्या व्हायच्या. तक्रार केली की ठरलेलं उत्तर, "वरून प्रॉब्लेम आहे, मॅडम." हे 'वरून' म्हणजे नक्की कुठून, देव जाणे.

पाळीवाले काका एका लाइनवर आठच घरं घ्यायचे, आणि ते उघड सांगायचे. नवीन गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच, "ही लाइन तुझी एकट्याची नाय. आठ घरांची विहीर हाय. बाकीचे सात कोन, ते बघून घे." मग त्या सात जणांची नावं. मोठं काही उतरवून घ्यायचं असेल तर प्रत्येक घराला दिवसातला एक तास नेमून दिलेला. तीच ती पाळी. इतर वेळी पत्रं बघा, पेपर वाचा, पण विहीर उपसायची नाही.

'नेट स्लो आहे' अशी तक्रार त्यांनी कधी ऐकूनच घेतली नाही. "स्लो नाय, वाटलंय," म्हणायचे. आणि दुसरं एक वाक्य होतं, ते तर इतकं पाठ झालं होतं की आमच्या इमारतीतली पोरं क्रिकेटमध्ये बॅटिंगवरून भांडतानाही म्हणायची, "पानी कुनाचंच नसतं, पाळी ज्याची त्याची."

दिसायला कसे होते सांगू? हाफ पँट, वर पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सायकलला बांबूची शिडी बांधलेली. ती वळणावर कुणाच्या तरी डोक्यात बसायचीच. हाताखाली माणूस नाही. तार मीटरमध्ये मोजायची नाही, हातानं मोजायची, "गच्चीवरून खाली चाळीस हात लागंल." लोडशेडिंग असलं की जिन्यात पायरीवर बसून वीज येण्याची वाट बघायचे, कुणी बोलावलं तरी घरात यायचे नाहीत. रविवारी फोन केला की उत्तर, "देवळात आहे." हेडक्लार्क काकांना कित्येक महिने वाटे, मोठा देवभक्त माणूस, बहुधा जीवदानीला जात असावा. इकडचे ख्रिस्ती चर्चलाही देऊळच म्हणतात हे कळल्यावर त्यांनी जरासं तोंड वाकडं केलं, आणि नाताळात पाळीवाल्यांकडून आलेल्या केकचे दोन तुकडे खाल्ले.

बाकीच्या केबलवाल्यांचे जिन्यातले डबे कुलपात असायचे. काकांच्या पत्र्याच्या डब्याला काचेचं दार. मुद्दाम बसवलेलं. आत आठ बारीक हिरवे दिवे, प्रत्येकाखाली घराचा नंबर. ज्याच्या घरी नेट चालू त्याचा दिवा लुकलुकणार. आणि बाजूला चिकटवलेला कागद, काकांच्या मोठ्या गोल अक्षरात: '१०२, शेअरचे भाव बघतो. २०१, गाणी, फार. ३०१, काका पेपर वाचतात, काकू काही नाही.'

आता हे सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. कशाला खोटं बोलू? हेडक्लार्क काका भाजी आणायला खाली उतरताना पाच मिनिटं त्या डब्यापुढे उभे राहायचे. कुणाची मुलगी दुपारी कॉलेजात असायला हवी, आणि घरचा दिवा मात्र लुकलुकतोय, हे सगळ्या जिन्याला कळायचं. मला ते पटायचं नाही. मी काकांना एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बाय, अंधारात वाढलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याच ताटात कमी पडलं."

दोनशे एकमधला बँकेतला तरुण मात्र सरळ झाला, हे कबूल. अख्खे सिनेमे उतरवायला लावून हा कामावर निघून जायचा. काकांनी त्याची लाइन तोडली नाही. एका सुट्टीच्या दिवशी कोपराला धरून डब्यापाशी आणलं. "हा दिवा बघ. थांबतच नाय. हा तू. आता हे बाकीचे सात बघ, निजल्यासारखे." बस. शिडी उचलली आणि गेले. संध्याकाळपर्यंत सात घरांतली माणसं एकेक करून त्याच्याकडे 'सहज' जाऊन आली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा दिवा नेमल्या तासालाच पेटायला लागला.

एवढी उघड्यावर मांडण्याची हौस कुठून आली, ते त्यांनी मला एकदा लोडशेडिंगमध्ये सांगितलं. त्यांच्या वाडीतल्या विहिरीवर पाच घरं. पाणी विकत घेणारे टँकरवाले आले तेव्हा पाचातल्या एकानं, कुणाला न सांगता, आपल्या पाळीचं पाणी टँकरला द्यायला सुरुवात केली. मग दुसऱ्याच्या पाळीतलंही. पाणी खाली गेलं आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरलं. केळी जळल्या. "कोन उपसतोय ते आम्हांला कळलंच नाय. सख्खा चुलता निघाला," ते म्हणाले. मग वीज आली आणि ते उठले.

आता माझं सांगते.

आमचे हे सातिवलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तो कारखाना बंद पडला. मी तोवर मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा कोर्स केला होता. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलतात त्याच्या आवाजाच्या फाइली यायच्या, त्या ऐकून टाइप करायच्या आणि ठरल्या तासांत परत पाठवायच्या. एका कंपनीनं मला तीन महिन्यांची ट्रायल दिली. अट एकच: काम घरूनच, घरच्याच कनेक्शनवरून. सायबर कॅफे चालणार नाही, पेशंटची माहिती असते. मी फुल स्पीडवाल्याचं कनेक्शन घेतलं. पहिल्या आठवड्यात चार फाइली उशिरा गेल्या आणि कंपनीनं ताकीद दिली. घरात दुसरी मिळकत नाही. ट्रायल गेली असती तर फ्लॅट विकून गावी जायचं, हे आमचं बोलून झालं होतं.

मी काकांच्या गाळ्यावर गेले. म्हटलं, "सहजच आले. तुमचं नेट बरं असतं म्हणतात..."

"बाय, ताकाला येऊन भांडं कशाला लपवते? कनेक्शन पायजे ना?"

"हो."

"तुमच्या जिन्यात आठ भरली. नववं नाय."

"मग दुसरा डबा लावा."

"दुसऱ्या लाइनला आनखी सात घरं पायजेत. तुझ्या एकटीसाठी लाइन नाय येत."

मी सगळं सांगितलं. कारखान्याचं, ट्रायलचं, गावी जायचं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "नाय." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाकीचे चाळीस-चाळीस घेतात, तुम्हांला मी एक जड झाले?"

"मग त्यांच्याकडं जा."

"गेलेय. फाइल जात नाही."

"का नाय जात?"

मी तशीच पाठ फिरवून घरी आले.

त्या रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, आटोपून ते सरळ आमच्या इमारतीत आले. अंगात मिस्साचे कपडे, फुल पँट. मी ओळखलंच नाही. "आज तारेला हात नाय लावत. नुसतं विचारतो," म्हणाले आणि आठही घरांच्या बेल वाजवून सगळ्यांना डब्यापाशी बोलावलं. मला मध्ये उभं केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते म्हणाले, "ही नववी. हिला घेतली तर तुमचं सगळ्यांचं पानी कमी होईल. मला विचाराल तर माझं नाय हाय. पन विहीर तुमची. एकानं जरी नाय म्हटलं तरी हिला नाय. आता बोला, एकेक."

बँकेतला म्हणाला, चालेल. काकू म्हणाल्या, मला कुठं काय लागतं. खरं नुकसान होतं ते एकशे दोनमधल्या शेअरवाल्याचं, त्याचा सगळा कारभार दिवसाचा. तो म्हणाला, "भाव दोन मिनिटं उशिरा दिसेल ना? दिसू दे. तसाही मी बुडतोच आहे." शेवटी हेडक्लार्क काका. त्यांनी घसा साफ केला, आणि सर्क्युलर काढल्यासारखं म्हणाले, "सकाळी दहा ते एक ही वेळ या बाईंची. त्या वेळात इतर कोणीही संगणक लावणार नाही. शेअर सोडून." सगळे हसले. मी तिथंच जिन्यात रडले. लाज वाटली नाही.

सोमवारी काकांनी तार टाकली, डब्यात नववा दिवा बसवला आणि कागदावर लिहिलं, '२०२, पोटासाठी.'

माझी ट्रायल पार पडली, नोकरी कायम झाली. दहा ते एक या वेळात मी डब्याकडे नजर टाकली तर माझाच दिवा चालू असायचा, नाही तर एकशे दोनचा. दीड वर्ष त्या लोकांनी शब्द पाळला.

तळमजल्यावर सुनंदा राहायची. माझी मैत्रीण. रोज संध्याकाळी चार वाजता चहा तिच्याकडे नाही तर माझ्याकडे. तिचा नवरा दारूच्या पायी नोकरी घालवून बसला होता, घर तिच्या शिवणकामावर चाललं होतं. मीच तिला म्हटलं होतं, अगं, माझ्यासारखा कोर्स कर. माझ्या वह्या दिल्या. आजारांची नावं मीच तिच्याकडून पाठ करून घेतली. ती पास झाली, आणि तिलाही ट्रायल मिळाली. तीच कंपनी, तीच अट. मी तिला पेढे भरवले.

ती काकांकडे गेली. काका म्हणाले, विहिरीला विचारतो. पण दिवस गणपतीचे, अर्धी इमारत गावाला. सगळे एकत्र सापडेनात. मग जसजसे लोक परतले तसे ते घरोघर जाऊन विचारत राहिले. माझ्याकडे शेवटी आले. दारातच उभे.

"आठांनी हो म्हटलंय. तू राहिलीस."

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. दोघींच्या फाइली एकाच वेळी वर जाणार. दहा ते एकचे दोन भाग होणार. माझी एक फाइल उशिरा गेली, दुसरी गेली, की कंपनी विचारणार. शिवाय, खरं सांगते, कंपनी माझं काम तिला देईल हीही भीती होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. हे शेवटचं मी बोलले नाही. म्हटलं, "काका, तुम्हीच म्हणता ना, आठांची विहीर? नववीच जास्त झालीय. आता दहावी कशी पुरेल?"

म्हणाले, "उद्या येतो. इचार कर."

दुसऱ्या दिवशी आले. मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाले आणि जिना उतरले. ते असं काही बोलले असते ना, की बाय, तू कशी आत आलीस ते आठव, तर मला भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी जिन्यात मोठ्यानं बोलणं ऐकू आलं म्हणून मी दार उघडलं. सुनंदा डब्यापाशी काकांना अडवून उभी होती. दोन-तीन घरांतली माणसं बाहेर आली होती. मी वरच्या पायरीवर, कठड्याला धरून.

"काका, कोण नाही म्हणालं ते सांगा. तुम्ही तर सगळं सांगता. कोण गाणी ऐकतं ते कागदावर लिहिता. मग हेच का लपवता? माझ्या पोटाचा प्रश्न आहे. मी त्याच्या पाया पडेन, पण नाव सांगा."

मला वाटलं, आता सांगणार. या माणसानं सख्ख्या चुलत्याचं नाव लपवलं नव्हतं, माझं कशाला लपवेल?

काकांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "कोनी नाय. मीच नाय म्हनालो. लाइन पुरत नाय."

"मग आम्हांला घरोघर येऊन विचारलंत कशाला?" हेडक्लार्क काका म्हणाले. "आम्ही तर हो म्हटलं होतं."

काकांनी शिडी खांद्यावर घेतली आणि ते निघाले. वळताना ती भिंतीवर आपटली. मागून बँकेतला म्हणाला, "म्हणजे हाही तसलाच. आपल्याला वाटलं, उघड कारभार आहे."

मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुनंदा माझ्याकडे येऊन रडली तेव्हाही नाही. ती चाळीसवाल्याकडे गेली. फाइली अडकल्या, ट्रायल गेली. आता ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते. तिची ट्रायल गेली त्या आठवड्यात माझी एकही फाइल उशिरा गेली नाही.

काकांचं नाव मात्र गेलं. मनवेलपाड्यात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही: पाळीवाला लोकांना विचारायचं नाटक करतो आणि करतो आपल्याच मनाचं. नेट हळू झालं की लोक आता कागदाकडे बघून म्हणायचे, कशावरून आठच आहेत? आतून चाळीस जोडले असतील. एकेक करून आठ-आठ घरांच्या विहिरी फुटल्या. पुढे मोठ्या कंपन्यांच्या तारा आल्या आणि काकांनी डबे उतरवले, पण त्याच्या आधीच ते संपले होते. आमच्या जिन्यातला डबा काढायला ते आले त्या दिवशी मी दार लावून आत बसले होते. तोवर त्यांना माझ्याशी बोलायला कित्येक संधी होत्या. माझी तार तीनदा बदलून दिली त्यांनी. एकदाही विषय काढला नाही. दर वेळी, "येतंय ना नीट, बाय?" एवढंच.

सुनंदा आणि मी अजून एकाच इमारतीत आहोत. चारचा चहा अजून चालू आहे. नेट अडलं, वीज गेली, कुणी फसवलं, कसलाही विषय निघाला की तिला तो दिवस आठवतो. "काय गं तो पाळीवाला," ती म्हणते, "वरून साधा, आणि आतून केवढा लबाड! माझ्या तोंडचा घास काढला मेल्यानं."

मी चहा गाळत असते. "हो ना," म्हणते.